चित्रवाणीची धुळाक्षरे

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे उत्तर गोव्याचे उघडे पुस्तकच होय. पेडणे, डिचोली आणि बारदेशच्या वाड्यावाड्यांतून आलेली माणसे या पुस्तकाची पाने उलगडीत असतात. हरमलची मिरची, मयड्याची केळी, खाज्यांच्या राशी, कुंभाराची मडकी, सुक्या मासळीच्या टोपल्या असा तो सारा पसारा. अलीकडे या गर्दीत आणखी एक दृश्य हटकून दिसते. पाठीला दप्तर लावलेली दोनचार मुले मोबाईल उंच धरून बाजाराचे चित्रण करीत असतात. ते चित्रण पाहू गेल्यास काय आढळते? चित्र सारखे हेलकावे खाते, मिरची विकणाऱ्या बाईचा चेहरा सावलीत बुडालेला असतो, तिचे बोलणे बसच्या भोंग्यात हरवते आणि या सर्वांवर कुठल्याशा लोकप्रिय गाण्याचे संगीत चढवलेले असते. ज्या मिरचीला, केळ्याला आणि खाज्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती आपल्या मातीची वस्तू कोणी पिकवली, कोणी रांधली आणि तिचे मोल काय, यातले अक्षरही त्या चित्रणातून कळत नाही.

यात मुलांचा दोष आहे असे आम्ही मानीत नाही. साधन त्यांच्या हाती आले, परंतु ते कसे वापरावे याचा धडा त्यांना कोणी दिला नाही. लेखणी हातात देऊन अक्षरओळखच करून न देण्यासारखा हा प्रकार आहे. अशी लेखणी भिंतीवर रेघोट्या ओढील नाही तर काय करील? चित्रफीत तयार करणे आणि ती प्रसारित करणे हा विषय शाळेत शिकविला जावा की नाही, हा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही, तो साक्षरतेचा झाला आहे. त्याचा विचार गोव्याने, आणि विशेषतः म्हापशासारख्या तीन तालुक्यांच्या तोंडाशी वसलेल्या शहराने, गांभीर्याने करावयास हवा.

प्रसारणाचे मोल काय असते हे गोमंतकीयांना दुसऱ्या कोणी सांगावयास नको. सालाझारशाहीच्या काळात येथे वृत्तपत्रांवर छपाईपूर्व नियंत्रण होते. नभोवाणी होती ती सरकारची. १९४६ साली सुरू झालेल्या ‘एमिसोरा द गोवा’वरून राज्यकर्त्यांना जे सांगावयाचे तेवढेच सांगितले जाई. अशा वेळी, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, आपल्या सीमेपलीकडील आंबोलीच्या रानातून एक वेगळाच आवाज उमटला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालवलेले ते गुप्त मुक्तिकेंद्र पुढे कॅसलरॉकच्या परिसरात हलले आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत कोकणी व पोर्तुगीज भाषांतून बोलत राहिले. रानातला एकांत, पावसाळ्यातली ओल आणि सतत जागता पहारा यांना तोंड देऊन या तरुण माणसांनी सहा वर्षे रोज बातमी मिळवायची, ती पारखायची, लिहायची आणि वाचायची असे व्रत चालवले. २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अनेक शाळकरी मुलांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले असेल. ज्या भूमीच्या स्वातंत्र्यलढ्यात ध्वनिक्षेपकाने शस्त्राचे काम केले, त्या भूमीतील मुलांना ध्वनिक्षेपक कसा धरावा हे माहीत नसावे, ही खेदाची गोष्ट म्हणावी लागेल.

या विषयात देशाने प्रयोग केले नाहीत असे नाही. दिल्लीत दूरचित्रवाणी १९५९ साली आली आणि १९६१ पासून तेथील शाळांसाठी पाठ दाखविले जाऊ लागले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोचविण्यात आले. जगभर त्या प्रयोगाचे कौतुक झाले. त्याच सुमारास गुजरातमधील खेडा जिल्ह्यात, पीज येथील छोट्या प्रक्षेपकावरून, गावकऱ्यांचे प्रश्न गावकऱ्यांच्याच तोंडून मांडणारे कार्यक्रम सुरू झाले. या दोन प्रयोगांतील भेद ध्यानी घेण्याजोगा आहे. पहिल्यात ज्ञान आकाशातून खाली उतरत होते, दुसऱ्यात ते अंगणातून वर येत होते.

महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यास ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. त्या पिढीतील मराठी मुलांना दूरदर्शनवरील तिचे कार्यक्रम आजही आठवतात. परंतु अनुदानाचा आणि वेतनाचा प्रश्न चिघळत गेला आणि २०१७ साली या संस्थेला टाळे लागले. पुढे अवघ्या तीन वर्षांत महासाथ आली, शाळा बंद पडल्या आणि ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही अशा मुलांपर्यंत शिक्षण न्यावे कसे, असा यक्षप्रश्न उभा राहिला. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू करून त्यावर काही उपाय योजला गेला, हे स्तुत्यच. पण तेहतीस वर्षे राबून तयार झालेली घडी मोडून टाकावी आणि गरज पडताच नव्याने चूल मांडावी, याला शहाणपण कोण म्हणेल? गोव्याने यातून एक गोष्ट शिकावी. प्रसारणाचे शिक्षण एखाद्या मोठ्या इमारतीवर आणि एखाद्या अनुदानावर टांगून ठेवू नये. ते शाळाशाळांतून रुजवावे. म्हणजे एक फांदी तुटली तरी झाड मरत नाही.

बालचित्रवाणीच्या काळी मूल प्रेक्षक होते, कर्ते मोठे लोक होते. त्या काळी त्याला इलाज नव्हता, कारण कॅमेरा खांद्यावर घेण्यास धट्टाकट्टा माणूस लागे आणि त्याची किंमत शाळेच्या आवाक्याबाहेर असे. आज ती अडचण सरली आहे. साधा मोबाईल, तो स्थिर ठेवण्यास एक तिपाई, गळपट्टीला अडकवावयाचा छोटा मायक्रोफोन आणि शाळेत असलेला एखादा संगणक एवढ्यावर काम भागते. आणि हे काम शिकण्यास फार मोठी विद्वत्ता लागते हाही भ्रमच आहे. १९८४ साली अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने आपल्या सभासद स्त्रियांना चित्रफिती तयार करण्याचे शिक्षण दिले. त्यांत भाजी विकणाऱ्या आणि कष्टाची कामे करणाऱ्या बायका होत्या. काहींना लिहितावाचताही येत नव्हते. तरीही त्यांनी कॅमेरा हाताळला आणि आपल्या व्यवसायाचे प्रश्न अधिकाऱ्यांपुढे चित्ररूपाने ठेवले. अहमदाबादच्या भाजीवालीला जे साधले ते म्हापशाच्या आठवीतल्या मुलीला साधू नये काय?

आता या शिक्षणात शिकवावयाचे काय, ते पाहू. अनेकांची समजूत अशी की, हे नटनट्या तयार करण्याचे किंवा प्रसिद्धीचा हव्यास लावण्याचे शिक्षण आहे. वस्तुतः त्याचा पाया अगदी जुन्या विषयांत आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणण्यापूर्वी, १९१२ साली, ‘अंकुराची वाढ’ नावाचा एक लहानसा चित्रपट तयार केला होता. कुंडीतील रोपट्याची ठराविक अंतराने एकेक चित्रे घेऊन त्यांनी ते प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वाढताना दाखविले आणि त्या बळावर भांडवल मिळविले. हाच प्रयोग आज कोणत्याही वर्गात करता येतो. चवळीचा दाणा रुजत घालावा, मोबाईल तिपाईवर स्थिर करावा आणि दर तासाला एक चित्र घ्यावे. दहा दिवसांत २४० चित्रे होतात. सेकंदाला २४ या गतीने ती दाखविली की दहा सेकंदांत अंकुर वर येतो. या एका प्रयोगात वनस्पतिशास्त्र आहे, गणित आहे आणि धीर धरण्याचा धडाही आहे.

दुसरा पाठ आवाजाचा. आमच्या मते प्रारंभ कॅमेऱ्याने करूच नये, ध्वनिमुद्रणाने करावा. डोळे मिटून ऐकण्याची सवय ज्याला लागली त्यालाच पुढे डोळे उघडून पाहता येते. शाळेच्या परिपाठात रोज पाच मिनिटांचे वार्तापत्र मुलांनी स्वतः तयार करून वाचावे. एका मिनिटात शंभर-सव्वाशेच शब्द मावतात हे कळले की पाल्हाळ आपोआप गळते, आणि उच्चार चुकला तर ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही हे ध्यानी आले की शुद्ध भाषेचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. गोव्याच्या मातीला सुराचे देणे आहे. आपल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा ध्वनिमुद्रित स्वर १९७७ साली अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेच्या पलीकडे निघून गेला आहे. ज्या गावकुसातून असा स्वर निघाला तेथील मुलांना स्वतःचा आवाज एकदा ऐकण्याची आणि सुधारण्याची संधी तरी मिळावी.

तिसरा पाठ संकलनाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. रशियातील दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक मार्मिक प्रयोग केला. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यांनी वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखविला. अन्नाच्या ताटाशेजारी तो भुकेला वाटला, शवपेटीशेजारी शोकाकुल वाटला. चेहरा तोच, फरक होता तो केवळ जोडणीचा. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने ही जोडणी एकदा केली, ते मूल पुढे मोबाईलवर आलेल्या कोणत्याही चित्रफितीवर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. तुकडा कोठून आला, त्याच्या आधी काय होते, मागून काय कापले, असे प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभे राहतील. आज यंत्रच खोटे चेहरे आणि खोटे आवाज घडवू लागले आहे. अशा काळात हे प्रश्न विचारण्याची सवय हेच नागरिकाचे कवच आहे.

चौथा पाठ विवेकाचा. ३ मे २०२५ च्या पहाटे डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे श्रीलईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, भाविकांचे प्राण गेले आणि अनेक जण जखमी झाले. सारा गोवा त्या दिवशी हळहळला. अशा प्रसंगी हातातल्या मोबाईलने काय करावे? आधी मदतीचा हात द्यावा की चित्रण करावे? जखमी माणसाचा चेहरा त्याच्या घरी निरोप पोचण्यापूर्वी गावभर फिरावा काय? ऐकीव आकडा पुढे ढकलावा की थांबावे? अनुभवी पत्रकारालाही विचारात पाडणारे हे प्रश्न आज चौदा वर्षांच्या मुलापुढे उभे आहेत, कारण साधन त्याच्याही खिशात आहे. त्यांची उत्तरे त्याला त्या क्षणी सुचणार नाहीत. ती आधीच, शांत वर्गात बसून, चर्चेने शोधलेली असावी लागतात.

येथे काही पालक आणि मुख्याध्यापक आक्षेप घेतील, आणि त्यांचे आक्षेप पोकळ नाहीत. मुले आधीच मोबाईलच्या नादी लागली आहेत, त्यात शाळेनेच तो त्यांच्या हाती द्यावा काय, ही पहिली शंका. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली आहे. म्हणजे ही चिंता जगभरची आहे. आमचे म्हणणे असे की, चित्रफीत तयार करणे आणि ती जगजाहीर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेतील काम शाळेच्या सभागृहात, पालकसभेत, फार तर गावच्या मांडावर दाखवावे. ते समाजमाध्यमांवर टाकण्याची मुळीच आवश्यकता नाही. तासन् तास दुसऱ्यांच्या चित्रफिती पाहणारे मूल निष्क्रिय असते. एका मिनिटाची स्वतःची चित्रफीत घडवण्यासाठी आठवडाभर राबणारे मूल कामकरी असते. दोघांच्या हाती यंत्र एकच असले तरी पहिल्याला व्यसन जडते आणि दुसऱ्याच्या अंगी विद्या येते.

दुसरी शंका शिक्षकांच्या ओझ्याची. ती तर अगदी रास्त आहे. म्हणूनच नवा विषय, नवे पाठ्यपुस्तक आणि नवी परीक्षा यांचा घाट घालू नये. भाषेच्या तासाला वार्तालेखन, भूगोलाच्या तासाला गावच्या झऱ्याचे चित्रण, विज्ञानाच्या तासाला अंकुराचा प्रयोग, अशी आठवड्यातून एका तासाची तजवीज पुरे आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकाला ध्वनिचित्रांची जोड देण्याच्या त्यांच्या कल्पकतेमुळे. एका आडगावच्या शिक्षकाने हे केले. वाव आणि विश्वास दिल्यास आमचे शिक्षकही मागे राहणार नाहीत.

तिसरी शंका विषमतेची, आणि आम्हास सर्वांत अधिक बोचते ती हीच. पणजीत २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आहे. त्याच्या झगमगाटाचा एक किरण तरी पेडण्याच्या डोंगरपायथ्याच्या किंवा डिचोलीच्या खाणपट्ट्यातील शाळेपर्यंत पोचावयास नको काय? शहरातील सधन शाळा उद्या स्वतःचे सुसज्ज ध्वनिचित्रगृह उभारतील. खेड्यातील मूल मात्र प्रेक्षकच राहील. मुक्तीनंतर पेडण्याचेच सुपुत्र भाऊसाहेब बांदोडकर यांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, त्या नेमकी हीच दरी बुजवण्यासाठी. अक्षर शहराच्या मालकीचे राहू नये, हा त्यांचा ध्यास होता. चित्राक्षराच्या बाबतीत तोच ध्यास आज कोणी तरी घ्यावयास हवा.

यासाठी आमची सूचना साधी आहे. पेडणे, डिचोली आणि बारदेश या तालुक्यांतील शाळांसाठी म्हापशात एक सामाईक केंद्र असावे. बसने येणाऱ्या शिक्षकांना आणि मुलांना ते सोयीचे पडेल. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे तेथून तिपाई, मायक्रोफोन आणि कॅमेरा आठवडाभरासाठी नेता यावा. उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांचे शिबिर भरावे आणि त्यास आकाशवाणी-दूरदर्शनमधील निवृत्त तंत्रज्ञांचे, छायाचित्रकारांचे व रंगभूमीवरील कलावंतांचे साहाय्य घ्यावे. पुढे जमल्यास सामुदायिक नभोवाणीचाही विचार करावा. केंद्र सरकारने २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रे चालविण्याची मुभा दिली आहे. लखनौमध्ये एका शाळासमूहाने असे केंद्र चालवून दाखविले आहे, तर सातारा जिल्ह्यातील म्हसवडसारख्या दुष्काळी मुलखात ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ग्रामीण स्त्रियांचा आवाज झाली आहे. आकाशातील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या फेब्रुवारीतच सांगून ठेवले आहे. जी मालमत्ता सर्वांची, तिच्यात शाळकरी मुलांचाही वाटा आहे.

मात्र काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतील. ज्याचे चित्रण करावयाचे त्याची अनुमती घेतल्याविना यंत्र सुरू करू नये. अठरा वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती वापरताना पालकांची संमती आवश्यक असल्याचे २०२३ चा कायदा सांगतो. शाळांनी ती लेखी घ्यावी. देवळात, तीर्थावर, शोकाच्या घरी कोठे थांबावे हे मुलांना आधी शिकवावे. आणि मुलांच्या कामाचा उपयोग शाळेच्या वा पुढाऱ्याच्या जाहिरातीसाठी कदापि होऊ देऊ नये.

आता राहिला एक शेवटचा मुद्दा, आणि तो घाईचा आहे. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या मांडांवर पौषात धालो घालणाऱ्या, जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असलेल्या आज्या आता थकल्या आहेत. चतुर्थीच्या माटोळीला बांधावयाच्या रानफळांची नावे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. घुमट हे २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य ठरले. पण त्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे का चढवीत आणि वन्यजीवांच्या रक्षणासाठी आता बकऱ्याचे का चढवितात, ही हकिगत सांगणारे जुने वादक आणखी किती वर्षे आपल्यात असणार? प्रत्येक शाळेने वर्षाला एका वृद्धाची अर्ध्या तासाची मुलाखत ध्वनिमुद्रित करून म्हापशाच्या केंद्रात जपून ठेवली, तर दहा वर्षांत या तीन तालुक्यांच्या स्मृतींचे असे भांडार उभे राहील की जे विकत घेऊ म्हटले तरी मिळणार नाही. आणि ते घडवणारे हात आमच्या मुलांचे असतील.

आंबोलीच्या रानातून बोलणाऱ्यांना त्यांच्या काळाने बोलणे भाग पाडले. आजच्या मुलांना बोलण्यापासून कोणी अडविलेले नाही. त्यांच्यापुढे अडचण आहे ती काय बोलावे आणि कसे बोलावे याची. ती दूर करणे हे शिक्षण खात्याचे, शाळांच्या व्यवस्थापनांचे आणि पालकांचे कर्तव्य आहे. येत्या शैक्षणिक वर्षाचे नियोजन होईल तेव्हा एका तासाची ही मागणी त्यात समाविष्ट व्हावी. म्हापशाच्या बाजारात मोबाईल उंच धरणारे मूल उद्या तो खाली घेऊन मिरचीवाल्या बाईला आधी विचारील, ‘मावशे, तुझें चित्रण करूं?’ त्या दिवशी आपण योग्य वाटेवर पहिले पाऊल टाकले असे समजावयास हरकत नाही.